बातमीला पैसे द्यायला तयार आहे, पण माझ्या जिल्ह्याची बातमी कुठं आहे?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी.

गेल्या काही वर्षांत मराठी बातम्यांच्या साइटवर आणि ॲपवर ‘पुढे वाचण्यासाठी सदस्य व्हा’ ही पाटी नेहमीची झाली आहे. लोकसत्ताचं प्रीमियम आहे, सकाळचं सकाळ+ आहे. इंग्रजीत हिंदू, इंडियन एक्स्प्रेस, बिझनेस स्टँडर्ड यांनी तर केव्हापासून निवडक मजकूर कुलपात ठेवलाय. ‘सगळं फुकट हवं’ अशी ओरड करायला हा धागा काढलेला नाही. मी दोन ठिकाणी वर्गणी भरतो, पुढंही भरेन. बातमी आणायला माणूस लागतो आणि माणसाला पगार लागतो, हे मला मान्य आहे.

माझा सवाल वेगळा आहे. मी सांगलीत गावभागात राहतो. पावसाळा लागला की आम्हाला तीन आकडे पाहिजे असतात. कोयना धरणातून किती क्युसेक सोडलं, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती सोडतायत, आणि आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, ८ तारखेला ब्रह्मनाळची बोट उलटली. २०२१ च्या जुलैत पुन्हा घरं रिकामी केली. यंदा पाणी चढत होतं तेव्हा एका साइटवर सांगलीच्या पुराचा मथळा दिसला. दाबला, तर दोन ओळींनंतर पाटी. माझी वर्गणी होती म्हणून आत जाता आलं. आत काय, तर सरकारी प्रेसनोट, जशीच्या तशी. ती सकाळीच आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन गेली होती.

त्याच ॲपवर मुंबईच्या राजकारणाची रोज चार-पाच विश्लेषणं असतात. चांगली असतात, मी वाचतो. पण पूरपट्ट्यात बांधकामं कुणाच्या सहीनं उभी राहिली, शहराचं सांडपाणी वाहणाऱ्या शेरीनाल्याचं पाणी इतकी वर्षं कृष्णेत का जातंय, यावर कुणी आठवडाभर खपून लिहिलेलं मला पैसे मोजूनही मिळत नाही. मग मी भरतोय ते पैसे नेमके कशाचे?

तुमच्यापैकी कोण वर्गणी भरतं, कशासाठी भरतं, आणि आपण सातारा-सांगलीच्या वाचकांनी यात काय मागायला हवं, यावर लिहा. ‘सगळा मीडिया विकलेला आहे’ एवढं लिहून पुढं जाऊ नका, ही विनंती.

अजिंक्यतारा

चांगला विषय काढलात. मी साताऱ्यातला निवृत्त शिक्षक.

वाचकानं पैसे मोजून बातमी वाचणं ही मराठीत जुनीच रीत आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ काढलं, ते वर्गणीदारांच्या भरवशावर. १८४० मध्ये ते थांबलं. आपल्या कराडजवळच्या टेंभूचे आगरकर केसरीचे पहिले संपादक. टिळकांशी पटेना तेव्हा ते बाहेर पडले आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. ज्याला स्वतःचं म्हणणं मांडायचं त्याला स्वतःचे वर्गणीदार जमवावे लागतात, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. आमच्या पिढीनं ‘साधना’ला, वाईच्या ‘नवभारत’ मासिकाला मनिऑर्डरनं वार्षिक वर्गणी पाठवली आहे. अंक उशिरा आला तर पोस्टमनला वाटेत गाठून विचारायचो.

दैनिकांचं गणित मात्र पुढं बदललं. कागद, शाई, छपाई, वाहतूक हा खर्च अंकाच्या किमतीतून निघत नव्हता, तो जाहिराती भरून काढायच्या. चार-पाच रुपयांत घरपोच बातमी ही आपल्या अंगवळणी पडली. मग इंटरनेट आलं, वर्तमानपत्रांनी सगळा अंक फुकट वर टाकला आणि जाहिरातीचा पैसा गूगल-फेसबुककडे वळला. डिजिटल वृत्त प्रकाशकांच्या संघटनेच्या तक्रारीवरून आपल्या स्पर्धा आयोगानं जानेवारी २०२२ मध्ये गूगलच्या चौकशीचे आदेश दिले, ते याच पैशाच्या वाटणीवरून. ऑस्ट्रेलियानं २०२१ मध्ये यासाठी कायदा केला. कॅनडानं २०२३ मध्ये केला, तर मेटानं तिथं फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर बातम्या दिसणंच बंद करून टाकलं.

म्हणून आता सगळे वाचकाकडे वळलेत. वॉल स्ट्रीट जर्नल १९९७ पासून पैसे घेतं. लंडनच्या टाइम्सनं २०१० मध्ये दार पूर्ण लावलं. न्यूयॉर्क टाइम्सनं मार्च २०११ मध्ये महिन्याला २० लेख फुकट आणि पुढं पैसे अशी पद्धत आणली. २०२३ च्या अखेरीस त्यांचे वर्गणीदार १ कोटीवर गेले. मात्र त्या १ कोटीत शब्दकोडी, पाककृती आणि खेळांच्या बातम्यांसाठी येणारे पुष्कळ आहेत. सांगलीच्या दुष्काळी जत तालुक्यातल्या टँकरच्या बातमीसाठी पैसे भरणारा वाचक मिळेल का, याचं उत्तर न्यूयॉर्ककडे बघून मिळणार नाही.

पहाटेचा गठ्ठा

गुरुजी, अंकाच्या किमतीचं बोलला म्हणून लिवतो. मी विट्यात पेपर एजंट हाय. वडलांच्या माघारी हाच धंदा.

पहाटं साडेतीनला गाडी गठ्ठे टाकून जाती. स्टँडाच्या कट्ट्यावर बसून पुरवण्या घालायच्या, पोरांच्या लायनी लावायच्या, सातच्या आत अंक दारात पडला पायजे. पावसात प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टाकायचा, न्हाईतर त्या दिवसाचे पैसे गिऱ्हाईक कापून घेतं. ह्या सगळ्याचं आमाला अंकामागं कमिशन. डिजिटल वर्गणीत एजंटाला एक रुपया न्हाई. बरं, त्याची जाहिरात मातर आमीच वाटलेल्या अंकात पयल्या पानावर असती.

२०२० च्या लॉकडाउनमधी एप्रिल म्हैन्यात काय दिवस घरोघरी अंक टाकायलाच बंदी हुती. तवापास्नं ग्रुपवर पहाटं पीडीएफ यायला लागल्या. बंदी उठली, पण कैक गिऱ्हाइकं परत आलीच न्हाईत. फुकटात मोबाइलवर बगायची सवय लागली ती लागली.

तरीपण माज्या लायनीत साठीच्या म्होरली माणसं लई हाईत. त्यास्नी बातमीला पैसे द्यायचं काय वाटत न्हाई, कार्डाचा नंबर टाकायचं भ्या वाटतं. मी दर म्हैन्याला रोख बिल घ्यायला त्येंच्या उंबऱ्यावर जातोच की! कंपनीनं मला वर्गणीची कूपनं द्यावीत. मी पैसे घ्यून तितंच त्येंच्या मोबाइलात चालू करून देतो, अक्षर मोठं कसं करायचं तेबी दावतो. एका पेपरच्या वितरणाच्या सायबास्नी हे बोललो हुतो. म्हणले, सिस्टिममधी बसत न्हाई.

कराडची कोयना

काका, सिस्टिममध्ये न बसण्यासारखं यात काहीच नाही. मी मूळची कराडची, पुण्यात पेमेंटच्या सॉफ्टवेअरमध्येच काम करते. एकदाच वापरता येईल असा कोड, तो कुणी विकला त्याची नोंद, आणि त्यावर कमिशन. मोबाइल रिचार्ज दुकानातून विकले जायचे ते असेच. कुणाच्या मनात आलं तर हे महिन्याभराचं काम आहे.

कार्डाची भीती मात्र अगदीच निराधार नाही, म्हणून वर्गणी भरणाऱ्या सगळ्यांसाठी थोडं लिहिते.

पहिल्या महिन्याला नाममात्र पैसे घेऊन पुढं आपोआप पूर्ण रक्कम कापायची, ही पद्धत सर्रास आहे. त्यावर रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप पैसे कापण्याआधी किमान २४ तास तुम्हाला कळवावं लागतं, आणि तो संदेश वाचून तुम्ही नको म्हणू शकता. १५ हजारांच्या आतल्या रकमेला दर वेळी ओटीपी लागत नाही, त्यामुळं बातम्यांची वर्गणी गुपचूप चालू राहते. म्हणून तो संदेश न वाचता पुसून टाकू नका. यूपीआयवरून भरत असाल तर तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ असा भाग असतो. तिथून तुम्ही स्वतः बंद करू शकता, बातमीच्या साइटची परवानगी लागत नाही.

माझ्या आईनं एका साइटची वर्गणी घेतली होती. घेताना दोन वेळा बोट टेकवलं की झालं. बंद करायला ग्राहक सेवेला ईमेल करा, कारण लिहा, मग फोन येईल. फोनवर अर्धा तास सवलतीची बोली. ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या मांडणीचे १३ प्रकार दिलेत, त्यात ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ हा याच वागण्याचा प्रकार आहे. १९१५ वर तक्रार करता येते. जी साइट सकाळी अग्रलेखात ग्राहकांच्या हक्कांवर लिहिते तिनं निदान बाहेर पडायचं दार तरी आत यायच्या दाराएवढं ठेवावं.

आणि एक गोष्ट, जिच्यावर कुणी बोलत नाही. छापील वर्तमानपत्रावर जीएसटी नाही. तीच बातमी मोबाइलवर वाचली की वर्गणीवर १८ टक्के. माध्यमांकडे पैसा नाही म्हणून आपण हळहळतो, आणि वाचकानं दिलेल्या शंभरावर अठरा रुपये सरकार घेतं.

माणदेशी

माझा विरोध नोंदवतो. आटपाडी तालुक्यातून लिहितोय.

आमच्या गावात ज्याच्याकडं महिन्याचा रिचार्ज मारायला पैसे नाहीत, त्याच्याकडंही व्हॉट्सॲप आहे. तिथं कुणीतरी जोडतोड केलेला व्हिडिओ येतो, दंगलीची अफवा येते, ‘या गोळीनं साखर बरी होते’ येतं. ते सगळं फुकट. आणि ते खोटं आहे असं सांगणारी तपासून लिहिलेली बातमी पैशाच्या आत. अशानं ज्याच्या खिशात पैसा त्यालाच खरं कळणार. लोकशाहीत मत सगळ्यांना आहे, मग माहिती फक्त वर्गणीदाराला कशी?

गार्डियन बघा. ते कुलूप न लावता वाचकांकडून मदत मागतात. ज्याला झेपतं तो देतो, वाचतात सगळे. आपल्याकडं न्यूजलाँड्री वाचकांच्या पैशावर चालतंय, जाहिरात घेत नाही. अफवा तपासणारं अल्ट न्यूज देणग्यांवर चालतं. मराठीत हे का होऊ नये?

दुष्काळी पट्टा

माणदेशी दादा, तुमचं म्हणणं पटतं. पण मला दुसरी बाजू सांगायची आहे, कारण मी त्या बाजूला उभा आहे. पूर्व भागातल्या एका तालुक्यात वार्ताहर आहे. कुठल्या पेपरचा ते लिहीत नाही.

कृष्णाकाठ साहेबांनी विचारलं की जिल्ह्याची खपून लिहिलेली बातमी का मिळत नाही. मिळत नाही, कारण त्या बातमीचे पैसे कुणीच देत नाही. तालुक्याच्या वार्ताहराला पगार नसतो, मानधन असतं. ते मानधन गाडीच्या पेट्रोललाही पुरत नाही. आमची कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. वर्धापन दिनाची पुरवणी आली की ऑफिसमधून टार्गेट येतं. मग आम्ही वही घेऊन निघतो. पंचायत समितीचे माजी सभापती, पतसंस्थेचे चेअरमन, बाजार समितीचे संचालक, शिक्षणसंस्थेचे सचिव, साखर कारखाना. ‘साहेब, चौथाई पान तरी घ्या.’ चहा येतो, ते जाहिरात देतात, फोटो देतात, मजकूर मीच लिहितो. ‘विकासाचा ध्यास घेतलेलं नेतृत्व’ हे शब्द मी किती जणांसाठी लिहिले असतील!

आता पुढच्या महिन्यात त्याच कारखान्यानं उसाचं बिल थकवलं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर, द्यायची, नाही दिली तर १५ टक्के व्याज. शेतकरी माझ्याकडं येतो, पावत्या दाखवतो. मी बातमी लिहू शकतो. लिहिलीही आहे. पण कारखान्याची जाहिरात गेली की माझं कमिशन गेलं, जिल्हा ऑफिसचं टार्गेट हुकलं, आणि पुढच्या मीटिंगमध्ये उभं राहून उत्तर मलाच द्यायचं. यात कुणी मला दम दिलेला नाही की कुणी पैसे पुढं केलेले नाहीत. व्यवस्थाच अशी लावलेली आहे की मी गप्प बसण्यात सगळ्यांचं सोयीचं आहे.

म्हणून वाचकाची वर्गणी मला हवीशी वाटते. ज्या दिवशी माझ्या मानधनातला काही भाग तालुक्यातल्या वाचकांच्या वर्गणीतून येईल, त्या दिवशी थकलेल्या बिलाची बातमी लिहिताना मला जाहिरातीची वही आठवणार नाही.

एक उदाहरण देतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या गावांचा विषय काढला आणि तिकडं कॅमेऱ्यांच्या गाड्या लागल्या. ‘आम्हाला कर्नाटकात जायचंय’ असं कुणी म्हणतंय का, ते शोधत माणसं फिरत होती. पाणी मिळत नाही म्हणून सीमेवरच्या गावांनी केलेले ते ठराव २०१२ च्या दुष्काळातले. मधल्या दहा वर्षांत म्हैसाळ उपसा सिंचन योजनेच्या पाण्याचा विषय किती वेळा आतल्या पानावर सिंगल कॉलम झाला असेल, ते तिथल्या कुठल्याही वार्ताहराला विचारा. बातमी होतीच, तिच्यामागं दहा वर्षं चालायला माणूस नव्हता.

बेदाणा

वर वार्ताहर भाऊंनी लिहिलंय ते वाचून गप्प बसवेना. तासगावला आमचा बेदाण्याचा व्यापार आहे.

आम्ही माहितीला पैसे देतोच. सौद्याचा भाव, हवामान, अरबांच्या रमजानची मागणी, अफगाणचा माल किती आला, यासाठी व्यापारी फोनवर आणि खासगी ग्रुपवर पैसे खर्च करतात. शेतकरीही करतो. ॲग्रोवन २००५ पासून निव्वळ शेतीचं दैनिक म्हणून चालतंय, म्हणजे कामाची माहिती असेल तर आपला माणूस विकत घेतो. द्राक्षबागेला डाउनी हा बुरशीचा रोग पडायच्या आधी इशारा मिळाला तर एका फवारणीच्या पैशात वर्षाची वर्गणी निघते.

मला अडचण दिसते ती वेगळी. ज्या बातमीतून माझा फायदा आहे तिला मी पैसे देईन. शेरीनाल्याच्या, टँकरच्या, पूरपट्ट्याच्या बातमीतून एकट्याचा फायदा काहीच नाही, सगळ्यांचा मिळून आहे. मग तिला पैसे कोण देणार?

अजिंक्यतारा

बेदाणा, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत.

रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या २०२४ च्या अहवालात पाहणी केलेल्या २० श्रीमंत देशांत ऑनलाइन बातमीला पैसे देणारे सरासरी १७ टक्के होते. नॉर्वेत ४० टक्के. नॉर्वेची सगळी लोकसंख्या ५५ लाखांच्या आसपास, म्हणजे सातारा आणि सांगली मिळून भरते तेवढीच. तिथं छोट्या छोट्या गावांचीही आपापली वर्तमानपत्रं आहेत आणि लोक त्या स्थानिक पेपरची डिजिटल वर्गणी भरतात. उत्पन्नात त्यांची आपली बरोबरी नाही, हे खरं. पण सामायिक उपयोगाच्या बातमीला माणूस पैसे देतो, फक्त ती त्याच्या गावाची असावी लागते, एवढं त्यातून दिसतं. आपल्याकडेही गणपतीची वर्गणी देणारा प्रत्येक जण ‘यात माझा काय फायदा’ असं विचारत बसत नाही.

आपल्याकडे मात्र उलट होतंय. वर्गणी मागताना सगळ्या महाराष्ट्राची एकच मोट, आणि तीत मुंबई-पुण्याचा माल भरलेला. साताऱ्याला स्वतःचं ‘ऐक्य’ आहे, सांगलीतही जिल्ह्याची दैनिकं निघतात. त्यांच्याकडे गावोगावचे वाचक आणि वार्ताहर आहेत, पण ॲप, पेमेंट, डिजिटल जाहिरात यासाठी लागणारं भांडवल मोठ्यांकडे. जिल्ह्याच्या चार-पाच दैनिकांनी मिळून एक ॲप काढलं तर? मालकांचं एकमेकांशी पटत नाही हे मला माहीत आहे. तरीही विचारतो.

माणदेशी

वार्ताहर दादांचा प्रतिसाद दोनदा वाचला. वर्गणीला माझा विरोध नव्हता, कुलपाला होता. तो अजूनही आहे. पण तुमच्या मानधनाचं ऐकून वाटलं की जाहिरातीवर चालणारी फुकट बातमीसुद्धा फुकट नसते. थकलेल्या ऊसबिलाच्या रूपानं तिची किंमत आमचा शेतकरीच मोजतो.

निदान एवढं तरी ठरावं: पूर, साथ, निवडणुकीचं मतदान केंद्र, परीक्षा, धरणाचा विसर्ग, अफवेची शहानिशा, हे कधीच कुलपात नको. न्यूयॉर्क टाइम्सनं २०१२ च्या सँडी वादळात कुलूप काढून ठेवलं होतं. कृष्णेच्या पुराला आपल्याकडं हे कुणी करील का?

ग्रंथपाल

कुलूप आणि ऐपत यांच्यामध्ये वाचनालय असतं, ते या चर्चेत अजून आलं नाही म्हणून लिहिते. वाळवा तालुक्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयात काम करते.

आमच्याकडं सकाळी आठला दार उघडायच्या आधी पायरीवर माणसं बसलेली असतात. कोण ऊस तोडून आलेला असतो, कोण एमपीएससीचा अभ्यास करणारं पोरगं, कोण पेन्शनर. घरी एकही पेपर येत नाही अशा माणसाला इथं दहा-बारा दैनिकं वाचायला मिळतात, तीही एका वर्गणीवर. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामागं विचार हाच होता. पण ही सोय छापील कागदापुरतीच राहिली. एमपीएससीची मुलं आता विचारतात, ‘मॅडम, तो संपादकीय लेख प्रीमियम आहे, तुमच्याकडं लॉगिन आहे का?’ नाही. कारण बहुतेक मराठी वृत्तसाइट एका माणसाला, एका मोबाइल नंबरवर वर्गणी देतात. वाचनालयाच्या चार संगणकांवर कुणीही बसून वाचेल अशी संस्थेची वर्गणी मागितली तर समोरच्याला प्रश्नच कळत नाही.

संशोधन नियतकालिकांसाठी केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ला मंजुरी दिली, तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी. सरकारी विद्यापीठं आणि कॉलेजांना त्यातून हजारो जर्नल खुली होतात. त्यात वर्तमानपत्रं नाहीत. वर्तमानपत्रांसाठी सरकारनं पैसे द्यावेत असं मी म्हणत नाही, सरकारच्या पैशावर चालणारा पेपर सरकारविरुद्ध काय लिहिणार! पण प्रकाशकांनी वाचनालयांना परवडेल असा संस्थात्मक दर ठेवला तर ती वर्गणी आम्ही लोकवर्गणीतून भरू. २०१९ च्या पुरात वाचनालयांची पुस्तकं भिजली तेव्हा लोकांनी पुस्तकं आणि पैसे आणून दिलेच की.

दुष्काळी पट्टा

ग्रंथपाल ताई, पुरवण्यांची पीडीएफ वाचनालयात उघडून देता का कधी? खूप ठिकाणी देतात, म्हणून विचारलं. मे २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं दैनिक जागरणच्या दाव्यात टेलिग्रामला ई-पेपरच्या पीडीएफ वाटणारे चॅनेल काढायला लावले होते. तरी वाटप थांबलेलं नाही. मी लिहिलेली बातमी मला त्याच ग्रुपवर परत येते, ‘वाचा, जबरदस्त’ असं लिहून.

ग्रंथपाल

नाही, उघडून देत नाही. मुलं स्वतःच्या मोबाइलवर बघतात, तिथं मी काय करणार? पण त्यांना दोष देताना जीभ अडखळते. हक्कानं वाचायची परवडणारी वाट आम्ही त्यांना दिलेली नाही.

कृष्णाकाठ

एवढ्या आपुलकीनं लिहिलंत, आभार. वार्ताहर भाऊ, तुमचा प्रतिसाद मी घरात मोठ्यानं वाचून दाखवला.

माझं मत आता पक्कं झालंय. मी वर्गणी भरत राहणार, पण यापुढं नूतनीकरणाच्या वेळी प्रश्न विचारूनच भरणार: माझ्या जिल्ह्यात तुमचे पगारी बातमीदार किती? माझ्या पैशातला किती भाग तिथं जातो? उत्तर देणार नाही त्याला पुढची वर्गणी नाही. वाचकाच्या हातात काही नसतं असं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये वॉशिंग्टन पोस्टनं निवडणुकीत कुणालाही पाठिंबा न देण्याचं ठरवलं, तेव्हा काही दिवसांत अडीच लाख वर्गणीदारांनी नाव काढून घेतलं. त्याचा चटका तिथल्या निर्दोष बातमीदारांनाही बसला, म्हणून मला तसं तडकाफडकी सोडून जायचं नाही. मला आत राहून मागायचं आहे.

आपण सगळ्यांनी मिळून एक पत्र लिहूया का? कोयना ताई, तुम्ही मसुदा कराल?

कराडची कोयना

केलाय. ज्यांच्या मराठी साइटवर वर्गणी आहे त्या सगळ्यांना हेच पाठवू.

‘महोदय, आम्ही सातारा व सांगली जिल्ह्यांतील वाचक आहोत. आमच्यापैकी काही जण आपले डिजिटल वर्गणीदार आहेत आणि काहींची होण्याची तयारी आहे. आपण जिल्ह्यापुरती, कमी दराची वर्गणी सुरू करावी व तिच्या उत्पन्नाचा ठरावीक भाग तालुका वार्ताहरांच्या मानधनासाठी राखून ठेवावा. हे मानधन जाहिरातीच्या उद्दिष्टाशी जोडलेले नसावे. पूर, आरोग्य, मतदान आणि अफवांचे खंडन यासंबंधीचा मजकूर सर्वांना खुला असावा. सार्वजनिक वाचनालयांना संस्थात्मक वर्गणी मिळावी. वृत्तपत्र विक्रेत्यांना डिजिटल वर्गणी रोखीने विकण्याची सोय व त्यावर कमिशन मिळावे. वर्गणी बंद करणे हे ती सुरू करण्याइतकेच सोपे असावे. छापील व डिजिटल बातमीवरील करातील तफावत दूर व्हावी यासाठी आपण सरकारकडे पाठपुरावा करीत असाल तर त्यात आमचा पाठिंबा गृहीत धरावा.’

काही बदल हवा असेल तर सांगा. येत्या रविवारी पाठवते.

बेदाणा

‘कमी दराची’ काढा. दर त्यांना ठरवू द्या, आपण ‘परवडणारी’ म्हणू. बाजारात पहिला भाव गिऱ्हाइकानं सांगायचा नसतो.

माणदेशी

खुल्या यादीत धरणाचा विसर्ग स्वतंत्र लिहा. ‘पूर’ म्हटलं की पूर आल्यावरच उघडतील.

पहाटेचा गठ्ठा

ताई, पत्र झ्याक झालंय. ईमेल पाठवा, पण त्येवढ्यावर थांबू नका. जिल्हा ऑफिसात वितरणाचा मॅनेजर म्हैन्याच्या धा तारखेच्या आसपास एजंटांच्या वसुलीला येतो, त्या टायमाला छापील परत हातात द्या आन् पोच घ्या. सांगली, मिरज, विटा, तासगाव ह्या एजंटांस्नी मी बोलतो. साताऱ्याकडलं कोण बगणार?

अजिंक्यतारा

सातारा आणि कोरेगाव माझ्याकडे. कराडला माझा एक विद्यार्थी एजंट आहे, त्याला आज संध्याकाळी फोन करतो. फलटण-वाईचं कुणी असेल तर इथं लिहा.